नदीवर गरवायला जायचा बेत

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पानोपानी सापडतील. त्याबद्दल माफी असावी. मी चौथीपर्यंतच शिकले, तेही पाटीवर जास्त आणि वहीत कमी. जोडाक्षर आलं की अजून हात थांबतो. माफी कुणाची मागते तेही मला नीट ठाऊक नाही, कारण ही वही मी कुणाला दाखवणार नाही. माझी धाकटी बहीण मनू, तिला वेळ नाही. तिच्या मुलींना मराठी बोललेलं समजतं, पण त्या उत्तर इंग्रजीत देतात आणि वाचता तर मुळीच येत नाही. आई-बाबा आता नाहीत. म्हणजे वाचणारं कुणीच नाही, म्हणूनच लिहायचा धीर झाला. दुपारी जेवणाची भांडी घासून झाली की पडवीत बसते आणि दोन-दोन पानं लिहिते.

आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला होडीने खाडीपलीकडे जावं लागे. होडीत परकी माणसं असत, मोठी मुलं असत, आणि मला माणसांची फार भीड वाटे. घरी पाहुणे आले की मी दाराआड उभी राहायची. पाणी द्यायला जायचं तर आई मागून ढकलायची. चार दिवस होडीत बसले आणि पाचव्या दिवशी धक्क्यावरूनच परत आले. कुणी फार आग्रह केला नाही. बाबा तेव्हा आखातात, दुबईजवळच्या अजमानला होते, पत्राने त्यांना कळवलं, त्यांचं उत्तर आलं की नसेल जायचं तर राहू दे, घरात आईला मदत होईल. पुढे मी पंधरा वर्षांची असताना बाबांनी आम्हा तिघींना तिकडे नेलं. मनू सहा वर्षांची होती, तिला तिथल्या शाळेत घातलं. मला कुठल्या वर्गात घालणार? मी घरात राहिले.

अजमानचं घर म्हणजे दोन खोल्या, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतला एसी एवढा आवाज करायचा की बंद केला की कान दुखल्यासारखे वाटत. बाबा जबल अलीला एका मोठ्या गोदामात स्टोअरकीपर होते. पहाटे कंपनीची बस खाली येऊन हॉर्न वाजवायची आणि रात्री आठला त्यांना परत सोडायची. दिवसभर मी आणि आई. आई बाजारात जायची, मी जायची नाही. मी भात टाकायची, मासे साफ करायची, कालवणासाठी खोबऱ्याचं वाटप वाटायची. तिकडे बांगडे चांगले मिळत. तिरफळं गावाहून आणलेली असत, ती आई डब्यात मोजून ठेवायची. संध्याकाळी पलीकडच्या मशिदीतली बांग झाली की मी चहाचं आधण ठेवायची, घड्याळ बघायची गरज पडत नसे. मला ते घर आवडत होतं. दार लावलं की कुणी आत येत नसे, हे त्या घराचं मला सगळ्यात मोठं सुख होतं.

फक्त शुक्रवारी, तिकडच्या सुटीच्या दिवशी, चौघे येत. सावंतकाका, परबकाका आणि नाईक म्हणून दोघे भाऊ. सगळे आमच्याकडचेच, किनाऱ्यावरचे. शुक्रवारी पहाटे बाबा धरून हे पाच जण खाडीच्या तोंडाशी दगडांवर बसून गरवत. पाग नाही, जाळं नाही, नुसती दोरी आणि गळ. दहा वाजता मासे घेऊन आमच्याकडे येत आणि मी ते स्वयंपाकघरात साफ करी. बाहेर त्यांच्या गप्पा चालत. मी पडद्याआडून सगळं ऐकायची. सावंतकाका बेकरीत कामाला होते, त्यांच्या अंगाला नेहमी पावाचा वास यायचा. बोलायला फटकळ, पण मला कधी बाहेर बोलवायचे नाहीत. जाताना पडद्याकडे तोंड करून म्हणायचे, “आतल्या बाई, कालवण झकास झालं.”

बाबांच्या गोदामात खेळाचं सामान असे, त्यात गरवण्याच्या काठ्याही असत. मोडकी काठी, वाकलेलं रीळ फेकून देत ते बाबा मागून घरी आणत आणि दुरुस्त करत. तिथला एक गोरा मॅनेजर बाबांशी माशांवरून बोलायचा. तो स्कॉटलंडचा. त्याने एकदा बाबांना एक जुनं पुस्तक दिलं, सगळी चित्रंच. कमरेएवढ्या नदीत माणूस उभा, हातात लांब काठी आणि डोक्यावर दोरीची वेलांटी. बाबांनी ते पुस्तक आम्हाला इतक्यांदा दाखवलं की त्याची पानं सुटी झाली. त्या नदीत सॅमन आणि ट्राऊट असे दोन मासे. सॅमन समुद्रात मोठा होतो आणि मग ज्या नदीत जन्मला त्याच नदीत उलटा चढून जातो. बाबा हे सांगताना हात वर वर नेत. आई म्हणायची, “त्या माशाला अक्कल आहे. आपण इथेच बसलोय.”

त्या मॅनेजरने सांगितलं होतं की तिथे असंच जाऊन गरवता येत नाही. नदीचे तुकडे असतात, त्यांचे मालक असतात, परवानगी काढावी लागते, आणि नवख्या माणसाने गाईड घ्यावाच लागतो. गाईड नदी ओळखतो, कुठल्या डोहात मासा बसलाय ते सांगतो, पाण्यात हात धरून नेतो. हे सगळं बाबांनी एका शुक्रवारी बाहेरच्या खोलीत सांगितलं. मला आतून वाटलं, आता हसतील. सावंतकाकाच पहिले बोलले. “पाण्यात हात धरून नेतो? लग्नात माझा कुणी धरला नाही.” मग सगळे हसले, आणि हसता हसताच ठरलं की जायचं.

त्यांची भिशी होतीच. दर महिन्याला पैसे काढायचे, चिठ्ठी टाकायची, ज्याचं नाव येईल त्याने रक्कम उचलायची. प्रमुख बाबा. भिशीची रीत अशी की काही कमीजास्त झालं तर प्रमुखाने भरून द्यायचं, त्याला कागद लागत नाही. ह्या भिशीत चिठ्ठी टाकायची नाही असं ठरलं, सगळं नदीसाठी. माणशी सहा हजार दिरहम खर्च. परबकाका लगेच मोठ्याने दहाने गुणत, “साठ हजार रुपये. साठ हजारात गावाला होडी येते.” दर शुक्रवारी ते हेच म्हणत आणि दर महिन्याला सगळ्यांत आधी पैसे तेच देत.

त्या दिवसांचं मला आज लिहितानाही हसू येतं आणि मग ते थांबतं. इमारतीमागे वाळूचं मोकळं मैदान होतं, तिथे हे पाच जण काठी फिरवायला शिकत. टोकाला गळाऐवजी लोकरीचा लाल तुकडा. पठाण टॅक्सीवाले गाड्या थांबवून बघत. पाणी नाही, मासा नाही, आणि पाच मोठी माणसं वाळूत दोरी फेकतात. सावंतकाकांचा लोकरीचा तुकडा एकदा वाळत घातलेल्या कपड्यांत अडकला आणि परबकाका म्हणाले, “मिळाला पहिला मासा, परकर आहे.” आई गॅलरीतून बघत होती, ती आत येऊन जमिनीवर बसून हसली.

मलाही एक काम होतं. त्या नदीत जिवंत आमिष चालत नाही, गळाला पिसं बांधून केलेली नकली माशी लागते. विकतची महाग. बाबांनी पुस्तकातलं चित्र दाखवून विचारलं, “तुला जमेल का गं?” कोंबडीवाल्याकडून पिसं आणली, आईच्या जुन्या साडीची जर काढली आणि गजरा बांधतात तशी गाठ मारून मी पहिली माशी केली. बाबांनी ती तळहातावर ठेवली आणि दिव्याखाली नेली. मॅनेजरला दाखवली, तो म्हणाला दुकानातल्यासारखी आहे. मी एकंदर साठ-सत्तर बांधल्या असतील. माझ्या हातच्या माश्या त्या थंड नदीत जाणार, मोठ्या माशाच्या तोंडात अडकणार, हा विचार करत मी दिवसभर बसायची. मी कुठे गेले नसते, पण त्या गेल्या असत्या.

एक भांडण मात्र झालं. बाबांनी सांगितलं की तिथे बहुतेक मासे धरून परत सोडावे लागतात, गाईडचा तसा नियम असतो. थोरले नाईक उठूनच उभे राहिले. सहा हजार दिरहम द्यायचे आणि मासा परत सोडायचा? घरी काय सांगायचं? बाबांनी त्यांना समजावलं की एखादा ठेवू देतील. सावंतकाका म्हणाले, “अरे, त्या गाईडला आमच्या आतल्या बाईंचा मसाला खायला घालू. तोच म्हणेल, ठेवा सगळे.” मी त्या रात्रीपासून मसाल्याची एक बरणी वेगळी काढून ठेवली होती. आई कुरकुरायची की मे महिन्यात माणसं गावी आंबे खायला जातात आणि ही बर्फाकडे चालली. पण बाबांचा लोकरी बनियन तिनेच आणला.

निम्मे पैसे जमल्यावर बाबा शारजाच्या एका ट्रॅव्हलवाल्याकडे गेले. त्याचं नाव लिहीत नाही. त्याने स्कॉटलंडच्या माणसांशी फॅक्सने बोलून मेमधला आठवडा, गाईड आणि राहायचं घर ठरवलं. पंधरा हजार रोख घेतले आणि उरलेल्या पंधरा हजारांचा बाबांच्या नावाचा पुढच्या तारखेचा चेक घेतला. तिकडे सगळे असंच करत. घरभाड्याचे चेक असेच देत, गाडीचे असेच. तारखेच्या आत भिशीचे पैसे खात्यात भरायचे होते. अडचण आली तर आधी कळवा, मी रद्द करीन, चेक परत देईन आणि रोखीतले थोडे कापून बाकीचे देईन, असं तो म्हणाला होता. चेक वटला नाही तर पोलीस येतात हे तिथे लहान मुलालाही ठाऊक असे.

मग व्हिसा नाकारले. आधी दोघा नाईकांचे, चार दिवसांनी परबकाकांचे. खात्यात शिल्लक कमी होती म्हणे. ते तिघे येणार नाहीत म्हटल्यावर भिशीत पैसे टाकायचे थांबले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. बाबा दोन दिवस जेवण झालं की भिशीची वही काढून हिशोब मांडत बसले. तिसऱ्या दिवशी, तो बुधवार होता, पहाटे बूट घालता घालता आईला म्हणाले की उद्या अर्धा दिवस आहे, उद्या शारजाला जाऊन रद्द करून येतो. नदी कुठे पळत नाही, पुढच्या वर्षी बघू.

त्याच बुधवारी शेजारच्या खोलीतल्या बाईला कळा सुरू झाल्या आणि आई तिच्याबरोबर हॉस्पिटलात गेली. मनू शाळेतून परस्पर शिकवणीला जाणार होती. घरात मी एकटी. दुपारी साडेबाराला फोन वाजला. मी सहसा उचलायची नाही, पण आईचा असेल म्हणून उचलला. ट्रॅव्हलवाला होता. हिंदीत बोलला, भरभर, पण मला सगळं समजलं. समजलं नाही असं मी पुढे कित्येकदा स्वतःला सांगून बघितलं, पण ते खोटं आहे. तो म्हणाला, स्कॉटलंडवाले आज विचारतायत, पाच जण येणार की नाही. आज पाचच्या आत सांगितलं तर रद्द होईल. नाही सांगितलं तर पक्कं धरतील, मग माझ्या हातात काही नाही, चेक तारखेला बँकेत जाईल. “अब्बा को बोलो, पाँच बजे के पहले फोन करे. समझी ना, बेटी?” मी म्हटलं, हां. एवढं एकच अक्षर मी बोलले.

बाबांच्या गोदामाचा नंबर फोनजवळ भिंतीवर पेन्सिलने लिहिलेला होता. मी तो फिरवला. पलीकडून पुरुषाचा आवाज आला, मोठा, मागे यंत्रांचा गडगडाट. मला बाबांचं नाव सांगायचं होतं, एवढंच. मी फोन ठेवला. पाणी प्यायले. काय बोलायचं ते भिंतीकडे तोंड करून तीन-चार वेळा म्हटलं. परत फिरवला. परत तोच आवाज, आणि माझ्या घशातून काही येईना. तिसऱ्या वेळी तो माणूस ओरडला, “कौन है रे? मजाक करता है?” मी फोन ठेवला आणि फोनवर रुमाल टाकला.

खाली मलबारी माणसाचं किराणा दुकान होतं. तो भला होता, त्याला सांगितलं असतं तर त्याने बाबांना फोन लावून दिला असता. मी चप्पल घालून खाली गेले. एकटीने जिना उतरायची ती माझी पहिली वेळ असेल. दुकानात चार-पाच माणसं उभी होती, थंड पेय पीत. सगळ्यांनी मागे वळून बघितलं. दुकानदार म्हणाला, क्या चाहिए. मी मिठाच्या पुड्याकडे बोट दाखवलं. मीठ घेतलं, पैसे दिले, वर आले. घरात मिठाचे दोन पुडे होते. हा तिसरा मी फळीवर ठेवला आणि खाली बसले.

मग बांग झाली. मी उठून चहाचं आधण ठेवलं, कुणी घरात नसताना. पाच वाजले. साडेपाच वाजले. आई सहाला मनूला घेऊन आली, शेजारणीला मुलगा झाला होता, तिच्या बोलण्याला खंड नव्हता. मी तिला सांगणार होते, ती हात धुऊन येईल म्हणून थांबले, आणि मग ती कणीक मळायला बसली.

आठला बाबा आले. बूट काढले, टॉवेल घेतला, आणि रोजच्यासारखं सहज विचारलं, “कुणाचा फोन?” मी मान हलवली. नाही म्हणून. तसं काही ठरवून केलं नाही. सांगायला तोंड उघडायचं तर आधी तीन वेळा ठेवलेला फोन सांगावा लागणार, मीठ सांगावं लागणार. मानेला काही सांगावं लागत नाही. बाबा हसले आणि न्हाणीघरात गेले. आतून नळाचा आवाज येत होता तोवर मला वाटत होतं की बाहेर आले की सांगू. ते बाहेर आले, जेवायला बसले, भातावर कालवण घेतलं. मी वाढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते शारजाहून आले तेव्हा त्यांचा चेहरा मी ओळखला नाही. तो माणूस म्हणत होता, काल घरी फोन केला होता. बाबा त्याच्या अंगावर धावून गेले होते. तू खोटारडा आहेस, माझी मुलगी दिवसभर घरात होती, फोन आलाच नाही. आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, इतकी तिला खात्री होती. मनू तेवढी म्हणाली, “ताई, नो कॉल?” मी म्हटलं, नाही. हे दुसऱ्यांदा. आणि पहिल्यांदा मान होती, दुसऱ्यांदा तोंड होतं.

आज मी हे लिहिते तेव्हा माझ्या वयाची पन्नाशी उलटली आहे आणि पोस्टात, बँकेत मी जाते, बोलते. कुणाला खरं वाटणार नाही की एक मोठी मुलगी फोनमध्ये बापाचं नाव घेऊ शकली नाही. मलाही कधी कधी वाटत नाही. पण ती मुलगी मीच होते, आणि तिला मी अजून समजावू शकलेले नाही.

तारीख आली, चेक गेला आणि परत आला. आठवड्याने दोन पोलीस आले. चांगले वागले, बूट बाहेर काढायला निघाले होते. बाबांनी शर्ट बदलला, आईला किल्ल्या दिल्या आणि मला म्हणाले, “घाबरू नको, दोन दिवसांत येतो.” दोन महिने लागले. भेटायला गेलं की मध्ये जाळी, अलीकडे पन्नास माणसं, पलीकडे पन्नास, आणि सगळे ओरडून बोलत, नाहीतर ऐकूच जात नसे. मी घरून ठरवून गेले होते की आज सांगायचं. पण तिथे ते ओरडून सांगावं लागलं असतं. बाबांनी विचारलं, जेवतेस ना? मी मान हलवली.

आईच्या पाटल्या गेल्या, गळ्यातलं गेलं, माझ्यासाठी केलेला हार आणि कुड्या गेल्या. सोनाराने तराजूत टाकले तेव्हा आई रस्त्याकडे बघत उभी राहिली. त्या पैशांतून चेकची रक्कम भरली आणि बाबा सुटले. रोख दिलेले पंधरा हजार बुडाले ते बुडालेच. कंपनीने बाबांना काढून टाकलं होतं. काठ्या त्यांनी खालच्या रखवालदाराला दिल्या, पुस्तक कुठे गेलं मला माहीत नाही. त्यानंतर बाबा कधी खाडीवर गेले नाहीत. शुक्रवारी ते भिंतीकडे तोंड करून झोपून राहत. माशांचा वास आला की उठून गॅलरीत जात, म्हणून आईने शुक्रवारी डाळ करायला सुरुवात केली.

चौघांचे तीन-तीन हजार बाबांनी अंगावर घेतले. भिशीची रीत. नाईक दाराशी येऊन बोलून गेले, आत आले नाहीत. परबकाका म्हणाले, राहू दे रे, पण ते परत कधी आले नाहीत. सावंतकाका तेवढे म्हणाले, “मी काय तुझ्यावर केस करणार आहे? सगळ्यांत शेवटी दे.” बाबांना चार महिन्यांनी सिमेंट-लोखंडाच्या दुकानात निम्म्या पगारावर काम मिळालं. आई आणि मी बॅचलर मुलांचे डबे करू लागलो. रोज दीडशे पोळ्या. आई डबे पोचवायची, मी लाटायची. आधी नाईकांचे फिटले, थोरल्यांचे, मग धाकट्यांचे, मग परबकाकांचे. त्यात वर्षांमागून वर्षं गेली. मनू कॉलेजात गेली. माझ्यासाठी दोन स्थळं आली, सोनं नाही म्हटल्यावर गेली, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. मला ते रास्त वाटलं.

मी मनाशी एक ठरवून ठेवलं होतं. शेवटचा दिरहम फिटेल त्या दिवशी बाबांना सांगायचं. तोपर्यंत सांगितलं तर ते मोडतील, पैसे कोण फेडणार, असं मी स्वतःला समजवायची. ठरवलेलं होतं म्हणून पोळ्या लाटता येत होत्या.

सावंतकाका तोवर अबुधाबीला एका हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये लागले होते. शेवटचे चारशे दिरहम घेऊन बाबा आणि मी एका शुक्रवारी सकाळी बसने गेलो. बाबांनीच म्हटलं, तू चल, तुझ्या हातच्या पोळ्यांचे पैसे आहेत. काका एका खोलीत चार माणसांबरोबर राहत. खूप वाळले होते, साखर झाली होती. त्यांनी खाटेवरचं सामान बाजूला करून आम्हाला बसवलं, स्वतः चहा केला आणि माझ्या हातात कप दिला. आता मध्ये पडदा नव्हता. मला म्हणाले, “आतल्या बाई, पहिल्यांदा तोंड बघतोय तुमचं.” मी हसले. मला वाटलं, इथेच सांगावं. दोघांनाही. शब्द तयार होते, तोंडात आलेसुद्धा होते.

बाबांनी नोटा पुढे केल्या. काका त्या हातात घेऊन मोजेनात. म्हणाले, “एक विचारू? राग नको मानूस. इतकी वर्षं मनात आहे. तो शारजावाला शेवटपर्यंत एकच सांगत होता, मी फोन केला होता. केला तर नसेल ना रे त्याने?”

बाबा रागावले नाहीत. त्या दोन महिन्यांनंतर त्यांचा आवाज चढायचाच बंद झाला होता. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “ही होती घरात. ही कशाला खोटं बोलेल?”

काकांनी माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली, ‘खरंच की’ अशी. चहा गरम होता, मी तो तसाच प्यायले, सगळा. बाबांचा हात पाठीवरच होता. काकांनी नोटा मोजल्या, शंभराच्या तीन, पन्नासाच्या दोन. परत एकदा मोजल्या आणि खिशात घातल्या. “खलास,” ते म्हणाले. “फिटले सगळे.”